पास झालेली काकू

आयुष्यात मी एकदाच बारा जणींचा पेपर एकटीनं लिहिला, आणि बाराही जणी पास झाल्या. एवढा निकाल आमच्या गावच्या शाळेनंही कधी लावला नव्हता.

तेव्हा मी दहावी होऊन घरी बसले होते. दारव्हा तालुक्यातलं आमचं लहानसं गाव, आणि त्यात आमची बौद्धांची वस्ती. गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले होते. शिकवायला कोण, तर गावात जी पोरगी दहावी झालेली आणि रिकामी असेल ती. म्हणजे मी. विहाराच्या ओसरीत एक बल्ब, एक फळा, बारा पाट्या आणि बारा बाया. वेळ दिवेलागणीची आणि हंगाम ऐन वेचणीचा. ज्यानं कोणी हे वरून ठरवलं, त्यानं जन्मात कापूस वेचला नसावा, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. दिवसभर वाकून वेचणी केलेल्या बाया त्या. वाळक्या बोंडांच्या टोकांनी त्यांची बोटं ओरबाडलेली असायची, पाटीवरची पेन्सिल धरली की हुळहुळायची. कोणी पेंगायची, कोणाचा जीव चुलीवर ठेवून आलेल्या वरणात असायचा. दोन महिन्यांत त्या शिकल्या ती फक्त सही. तीही अक्षरं म्हणून नाही, अंगणात रांगोळी काढावी तशी.

मग तालुक्याहून एक सर आले. कागदांचा गठ्ठा माझ्या हातात देऊन म्हणाले, "पोरी, गाव शंभर टक्के झालं पाहिजे. आजूबाजूची सगळी झाली." लिहून टाक असं ते म्हणाले नाहीत. ते फक्त सरपंचाकडे चहाला गेले, आणि तो चहा फार वेळ चालला.

मी लिहिलं. आणि किती हौसेनं लिहिलं! एकीचा पेपर डाव्या हातानं, एकीचा बोथट पेन्सिलीनं, एकीचा थरथरत. कोणाच्या पेपरात दोन चुका घातल्या, कोणाच्या चार, म्हणजे संशय नको. बायांनी खाली आपापली सही रेखली. त्यांना काय ठाऊक, वर काय लिहिलंय ते! मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की सांगायची सोय नाही.

सरांनी परत येऊन एकीला उठवून वाचायला लावलं. उठली ती आमच्या समोरच्या घरातली काकू. काकूचं डोकं म्हणजे नवल होतं. एकदा कानावर पडलेलं ती विसरायची नाही. वस्तीत कोणाचं लेकरू कोणत्या वारी जन्मलं, कोणाच्या लग्नात कोण रुसलं, सगळं तिला पाठ. पुस्तकातला धडा मी आठवडाभर मोठ्यानं वाचत होते, तो तिच्या डोक्यात जसाच्या तसा बसला होता. तिनं पुस्तक हातात धरलं आणि धडाधड धडा म्हटला. बरोबर जागी थांबून पानसुद्धा उलटलं. सर खूश. महिनाभरानं प्रमाणपत्रं आली. काकूच्या नवऱ्यानं तिचं प्रमाणपत्र दारव्ह्याच्या बाजारात नेऊन काचेत बसवून आणलं आणि समोरच्या खोलीत लावलं. आल्यागेल्याला दाखवायचा, "आमची पास झाली."

इथवर ही गमतीची गोष्ट होती. मीही तशीच सांगायची. माझं लग्न झालं ते गावातच, दोन गल्ल्या पलीकडे. पुढे अंगणवाडीत लागले. बारा जणींच्या पेपराची गोष्ट मी नवऱ्याला सांगितली तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. आमच्या जिल्ह्यात तेव्हा पाहुणे फार यायचे, कॅमेरे आणि वह्या घेऊन. सगळे एकच प्रश्न विचारायचे, इथला शेतकरी जीव का देतो, आणि उत्तर ऐकताना मान एकाच बाजूला तिरकी करायचे. मला त्यांचा राग यायचा. कारण वावरात काय बदललं होतं, ते कोणी विचारायचंच नाही. आमच्या आज्यांची शेती हाताची आणि डोळ्यांची होती. बी घरचं, ते ओळखायला वाचावं लागायचं नाही. आता बी पाकिटात आलं, दवाई बाटलीत आली, आणि सगळ्यावर मुंगीएवढ्या अक्षरात काहीबाही लिहिलेलं. अळीची दवाई, तुडतुड्यांची दवाई, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या गवताची दवाई, झाड वाढायची दवाई. प्रत्येक घराच्या कोनाड्यात बाटल्या. शेती अशी लिहिण्यावाचण्याची झाली, आणि ती करणाऱ्या अर्ध्या बाया माझ्यासारखीनं पास केलेल्या.

काकूचा नवरा त्यातल्या एका वर्षी वणीकडे कोळशाच्या ट्रकवर होता. पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. वावर काकूच पाहायची, फवारणीसुद्धा तीच करायची. एका सकाळी मी अंगणात भांडी घासत होते. सासू खाटेवर बसून तूर पाखडत होती, शेजारच्या दोघी पाण्याला जाता जाता थांबल्या होत्या. काकू आली. पदराखाली काहीतरी धरलेलं होतं.

"काय करून राह्यली वं?" तिनं विचारलं.

"दिसत नाही का वो काकू, भांडे घासून राह्यली," मी म्हटलं. माझं तोंड असंच आहे.

ती उभी राहिली. मी चहा दिला, तो तिनं घेतला. शेजारणींकडे पाहिलं, माझ्या सासूकडे पाहिलं. पदराखालचा हात एकदा बाहेर येतो की काय असं झालं, मग परत आत गेला. "जातो मंग," म्हणाली आणि गेली. मला वाटलं, काही उसनं मागायला आली असेल, लाजली असेल. मी पुन्हा भांड्यांना लागले.

आठ दिवसांत तिच्या तीन एकरांतली कापसाची पऱ्हाटी जळाली. आधी पानं पिवळी पडली, मग आखडून बोटांसारखी झाली, मग पाती आणि कोवळी बोंडं टपाटपा गळाली. फुलावर आलेलं हिरवंगार वावर डोळ्यांदेखत वाळलं. धुऱ्यावर मारायची गवताची दवाई तिनं पऱ्हाटीवर मारली होती. दोन्ही बाटल्या पांढऱ्या, एका मापाच्या, एका झाकणाच्या.

काकूचा नवरा रविवारी आला. आम्ही वस्तीतले पाचसहा जण वावरात जमलो होतो. तो माणूस ओरडणारा नव्हता. दोन्ही बाटल्या हातात घेऊन त्यानं फक्त विचारलं, "अवं, नाव लिहेल होतं ना यावर. वाचलं नाही काय?"

काकूनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "वाचलं ना. वाचण्यात चुकलं माह्यं."

आणि मी? मी तिथंच उभी होते, तिच्यापासून चार हातांवर. तोंड उघडून म्हणायचं होतं, भाऊ, तिला वाचता येत नाही, तिचा पेपर मी लिहिला होता. एवढंच तर होतं! नाही म्हटलं.  घरी येताना वाटेतच मला उमगलं की त्या सकाळी पदराखाली काय होतं. ती बाटली वाचून घ्यायला आली होती. पण चार बायांसमोर विचारणार कशी? वस्तीतल्या दुसऱ्या कोणत्याही अडाणी बाईनं बिनधास्त विचारलं असतं, पाह्य वं पोरी, हे कायची दवाई आहे. काकूला ती सोय राहिली नव्हती. ती पास झालेली होती. मी तिला अक्षर एक दिलं नाही, उलट विचारायचं तोंड तेवढं काढून घेतलं. त्या दिवशी मी घरी येऊन मोरीत बसून रडले, आणि सासूला सांगितलं, कांदा कापला.

त्या वर्षी काकू दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला गेली. स्वतःच्या वावरात तिनं पुन्हा नांगर घातला, हरभरा पेरला, निभावलं. ती बाई मोडणारी नव्हती. मोडले मी. माझा स्वभाव मुळातच तापट, तो आता कडूच झाला. नवऱ्यावर खेकसायची, अंगणवाडीतल्या लेकरांवर डाफरायची. काकूकडे कधी भाजी नेऊन दे, कधी तिची गाय पाणी पाजून आण, कधी तिचं दळण आण. ती गोंधळून जायची. एकदा म्हणाली, "काय वं, तुले काही भूतबाधा झाली काय? माह्ये पाय चेपाले बी येशीन आता."

सगळ्यात वाईट विहारात व्हायचं. आमच्याकडे पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास असतो. रोज संध्याकाळी सगळे विहारात जमतात आणि भगवंतांच्या चरित्राचा जाड ग्रंथ कोणीतरी मोठ्यानं वाचतं, पाळीपाळीनं. आधी पंचशील म्हणायचं, मग वाचन. बायांमध्ये वाचणारी मीच, म्हणून माझी पाळी सारखी यायची. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं आलं की माझा आवाज बंद. सगळे म्हणतायत आणि मी नुसते ओठ हलवतेय. मग ग्रंथ उघडायचा, करुणेवरचं पान वाचायचं, आणि समोर पहिल्या रांगेत बसलेली काकू डोळे मिटून ऐकतेय. सांगते, त्यापेक्षा कोणी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

असं वर्ष गेलं. पुढच्या वेचणीला सुट्टीच्या दिवशी मीही काकूबरोबर मजुरीला गेले होते. आम्ही दोघी शेजारशेजारच्या तासात, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळीत होतो, बाकीच्या बाया पुढे गेल्या होत्या. काकू दोन्ही हातांनी वेचणारी, झपझप. मी मागे पडले की माझ्याही तासातली दोनचार बोंडं वेचून माझ्या कमरेच्या ओट्यात टाकायची. तिनं अशीच एक मूठ टाकली आणि मला सहन झालं नाही. तिथंच मातीत फतकल मारून बसले आणि सगळं ओकले. पेपर, सही, ती सकाळ, वावरातलं माझं गप्प उभं राहणं. "तुमची पऱ्हाटी मी जाळली काकू. मले माफ करा," म्हटलं, आणि हुंदके देऊन रडायला लागले.

मी काय काय धरून चालले होते! ती मला जवळ घेईल. किंवा ओटा माझ्या तोंडावर फेकून मारेल. काकूनं यातलं काही केलं नाही. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि तिच्या नाकपुड्या फुलल्या.

"झालं रडून?"

मी मान हलवली.

"मंग आयक. मी काय लहान लेकरू होतो? मले नव्हतं ठाऊक का, का मी धडा पाठच म्हनून राह्यली थे? प्रमाणपत्र भेटलं तवा मी बी मिरवलं. बाटली घेऊन तुह्या दारात आलो आन् चहा पिऊन वापस गेलो, थे कोनाच्या लाजेनं? माह्याच ना? समदं पाप एकटी उचलून कायले नेतं? अर्धं माह्यं ठेव." ती खाली वाकली, वेचणीला लागली, आणि पुन्हा उठून उभी राहिली. आता आवाज चढला होता. "आन् दुसरं. तू माफी मांगशीन, मी देईन, तुले बरं वाटन. मले वाचता येईन काय? वर्षभर भाजी आनून देल्ली, गाय पाजली, दयन आनलं. अवं, अक्षर एक नाही शिकवलं! दहा वर्सं झाली, तुह्या डोस्क्यात हे नाही आलं?"

नाही आलं. खरंच नाही आलं. मी वर्षभर स्वतःला कुरतडत बसले होते, आणि त्या कुरतडण्यात मला काही मोठेपणाच वाटत असावा. काकूला काय हवंय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या मातीत बसल्या बसल्या माझे कान लाल झाले. पण छातीवरचं ओझं, खरं सांगते, त्याच क्षणी अर्धं उतरलं, कारण आता काहीतरी करायचं होतं.

"कवापासून शिकता?" मी विचारलं.

"कवापासून म्हंजे? आता काय हात रिकामे नाही तुहे?"

आम्ही त्याच तासात सुरुवात केली. काडीनं मातीत मी अक्षर काढायचं, तिनं वेचता वेचता ते मागे टाकून पुढे जायचं आणि तासाच्या टोकाला पोचल्यावर स्वतः काढून दाखवायचं. गमभन तिनं धुडकावून लावलं. "मले गवत, दवाई आन् विष हे तीन आंदी शिकव," म्हणाली. पहिला शब्द ती वाचायला शिकली तो 'विष'. त्या दिवशी घरी जाऊन तिनं कोनाड्यातल्या सगळ्या बाटल्या अंगणात ओळीनं मांडल्या आणि प्रत्येकीवर तो शब्द शोधला. जिथं सापडला तिथं बोट ठेवून ओरडायची, "हे पाह्य! हे पाह्य!" चोर पकडल्याचा आनंद झाला होता तिला.

आमचा खरा वैरी कोण होता, ठाऊक आहे? तिचं डोकं. एक पान मी एकदा वाचून दाखवलं की तिला पाठ. मग ती वाचतेय की म्हणतेय, ते कळायचं कसं? मला एकदा फसवणुकीची चव लागलेली, म्हणून मी आता फौजदारासारखी वागायला लागले. एकच कागद दोनदा द्यायचा नाही. किराणाच्या पुड्यांचे कागद, लग्नाच्या पत्रिका, बियाण्याच्या पिशव्या, अंगणवाडीतल्या भिंतीवरचे तक्ते, जे मिळेल ते उलटसुलट करून तिच्यापुढे टाकायचे. ती चिडायची. एकदा माझ्या अंगावर पाटीच भिरकावली. "मी काय चोर हाओ? दरवेळी नवाच कागद!" मी पण काही कमी नव्हते. "पाठ म्हनूनच तीन एकर घालवले ना!" बोलून गेले आणि जीभ चावली. काकू अशी खदखदून हसली की मीही हसायला लागले. त्या जळालेल्या वावरावर आम्ही हसू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दारव्ह्याच्या बाजाराला गेलो असताना स्टँडवर एक गाडी लागली. बाया धावल्या, मीही पिशव्या उचलल्या. काकू जागची हलली नाही. मान वर करून, ओठ हलवत, गाडीवरच्या पाटीकडे बघत बसली. गाडी सुटायला आली तसा तिनं मला मागून पदर ओढून थांबवलं. "चढू नको वं. दिग्रसची आहे थे." चढलेल्या तिघी पुढच्या चौकात शिव्या घालत उतरल्या आणि चालत परत आल्या. काकूनं त्यांना काही म्हटलं नाही. मग मिळालेल्या गावाकडच्या जीपमध्ये मात्र ती पुढच्या सीटवर बसली, आणि गावापर्यंतची एकेक पाटी मोठ्यानं वाचत आली. ड्रायव्हर वैतागला. मला वाटलं, याच्या हातचं स्टिअरिंग काढून घ्यावं आणि जीप सरळ यवतमाळपर्यंत न्यावी, वाटेत पाट्या पुष्कळ आहेत.

मध्येच कधीतरी, नवा वर्षावास सुरू झाल्यावर, एका संध्याकाळी पंचशील संपलं आणि माझ्या लक्षात आलं की चौथं शील मी मोठ्यानं म्हणून गेले होते. कधी म्हटलं, कळलंच नाही. मी स्वतःला माफ केलं असं काही ठरवून झालं नाही. करायच्या कामात इतकी गुंतले होते की स्वतःला टोचायला वेळच उरला नाही.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाचा समारोप असतो. दुपारी सगळी वस्ती पांढरे कपडे घालून विहारात येते, खीर असते, आणि ग्रंथाची शेवटची पानं वाचली जातात. आठ दिवस आधी काकू मला म्हणाली, "माह्यं नाव टाक वाचाले."

मी घाईनं म्हटलं, "काकू, अजून जोडाक्षरं अडतात वो तुमाले. पुढच्या वर्षी टाकू."

"मी तवापर्यंत मेलो त?"

"मंग मी अगोदर दाखवून ठेवतो कोनतं पान येईन थे."

बोलले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिनं फक्त भुवई वर केली.  आमच्याकडे कोणाला पान निवडता येत नाही. आदल्यानं जिथं खूण ठेवली तिथून पुढे वाचायचं, आणि शेवटची पानं कोणाच्या कानावर दर वर्षी पडतातच असं नाही, कारण तोवर अर्धे लोक, त्यात काकूही, खिरीकडे गेलेले असतात. ती अडली, तर सगळ्या गावासमोर अडणार. एका कागदाच्या लाजेपायी जिनं वावर घालवलं, ती बाई भर विहारात तोंडावर पडली तर पुन्हा अक्षराच्या वाटेला जाणार नव्हती. हे मला ठाऊक होतं. तिलाही होतं.

पौर्णिमेला विहार भरला. काकूचा नवरा मागच्या भिंतीला टेकून बसला होता. तिनं पेपरचं, शिकण्याचं काहीच त्याला सांगू दिलं नव्हतं. त्याच्या लेखी ती पास होतीच. तिचं नाव पुकारलं. काकू उठली, पांढऱ्या लुगड्याचा पदर खोचला, ग्रंथापुढे जाऊन बसली. आणि वाचायच्या ऐवजी लोकांकडे तोंड केलं.

"आयका," ती म्हणाली. "मी पास झालेली बाई हाओ. घरी प्रमाणपत्र आहे. पन मले वाचता येत नव्हतं. पाठ केलतं मी. तीन एकर पऱ्हाटी त्याच्यातच गेली. आता येते वाचता. उलीसक अडखयतो, तवा कोनी हसू नका."

 मी कधी उठून उभी राहिले ते कळलंच नाही. "पेपर मी लिहिला होता," मी म्हटलं. आवाज फाटला. "बाराही जणींचा." आता धरणी दुभंगेल असं मला वाटलं. बाकीच्या अकरा जणी तिथंच बसल्या होत्या. त्यांनी आधी खाली पाहिलं, मग एकमेकींकडे, आणि एकजण पदर तोंडात कोंबून फसकन हसली. मग सगळ्याच. "आमाले काय ठाऊक नव्हतं का वं!" एक म्हणाली. इतकी वर्षं जे मी मणामणाचं ओझं करून वागवलं, ते अकरा जणींना तोंडपाठ होतं. एक तेवढा हसला नाही, काकूचा नवरा. तो मागच्या भिंतीपासून उठला, माणसांमधून वाट काढत पुढे आला आणि ग्रंथाच्या अगदी समोर, मांडी घालून बसला.

काकूनं खूण काढली, पान उघडलं आणि ओळीखाली बोट ठेवलं. वाचायला लागली. तिचा बोलण्याचा आवाज खणखणीत, पण वाचायचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, सावकाश आणि जड. धान्यानं भरलेली बैलबंडी चढ चढते तसा. एक ओळ झाली. दुसरी झाली. पाचव्या ओळीत 'स्वास्थ्य' आला आणि बंडी थांबली.

"स्वा," ती म्हणाली. मग काहीच नाही.

बोट जागच्या जागी. मला तो शब्द समोर दिसत होता. माझ्या जिभेच्या टोकावर होता. नुसता ओठांनी सांगितला असता तरी तिनं टिपला असता, इतकी ती हुशार. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. सांगितला असता तर त्या शब्दावर पुन्हा माझंच अक्षर उमटलं असतं. विहारातले वडीलधारे बाबा प्रेमानं म्हणाले, "राहू द्या बाई, पुढचा शब्द घ्या."

"थांबा ना बाबा," ती मान वर न करता म्हणाली. "घाई कायले?"

बाहेर लेकरं खिरीसाठी कुरकुरत होती. कोणीतरी त्यांना दटावलं. काकूच्या कपाळावर घाम आला. तिनं बोटानं अक्षर झाकलं, थोडं उघडलं, पुन्हा झाकलं. "स… थ… य. स्थ… स्थ्य." आणि मग मान वर करून, नवऱ्याकडे पाहून, अख्ख्या विहाराला ऐकू जाईल असं, "स्वास्थ्य!"

त्यानंतर ती थांबली नाही. पान संपेपर्यंत वाचलं. अडखळली तिथं अडखळली, पण एक शब्द सोडला नाही, एक मनानं घातला नाही. पान संपलं आणि विहारात साधू, साधू, साधू असा गजर झाला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. तिचा नवरा डोळे पुसत होता आणि पुसतोय हे लपवतही नव्हता. मी हसत होते. इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्यासमोर सांगते.

पुढची पाळी माझी होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले, ग्रंथ स्वतःकडे ओढला, पान उलटलं. तोंड उघडलं तर समोर नुसतं पाणी. अक्षरं फुटलेली, ओळी एकमेकींत गेलेल्या. पुसले डोळे, पुन्हा भरले. दहावी पास, अंगणवाडीची बाई, वस्तीतली वाचणारी, आणि मला एक शब्द दिसेना. लोक वाट पाहत होते.

काकूनं माझ्याकडे पाहिलं. कोपरानं मला बाजूला ढकललं.

"सरक तिकडं," ती म्हणाली. "मी वाचतो."

तिनं ग्रंथ आपल्या पुढ्यात घेतला, माझ्या पानावरच्या पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं, आणि मी डोळे मिटून ऐकत बसले.